हाताने फिरवायची काच

मोटारीच्या दाराची काच खाली करण्यासाठी हाताने फिरवायचे एक हॅण्डल असते, ही गोष्ट आमच्या नातवाला ठाऊक नव्हती. २०२५ च्या नाताळच्या सुटीत तो आईवडिलांबरोबर अमेरिकेतील मिशिगन राज्यातून इंदूरला आला होता. आमच्या जुन्या मारुती ८०० मध्ये बसल्यावर त्याने प्रथम दारावर बटण शोधले. ते सापडेना, तेव्हा आम्ही त्याला हॅण्डल दाखविले. त्यानंतर घरापासून राजवाड्यापर्यंत तो ती काच खाली-वर करीत राहिला. थंडी वाजते म्हणून त्याच्या आजीने दोनदा दटावले तरी थांबला नाही. आमचे चिरंजीव पुढच्या आसनावर बसले होते. ते हसून म्हणाले, ‘‘बाबा, मी पन्नास डॉलर भरून ज्या ट्रकसाठी नाव नोंदवलंय ना, त्यालाही असंच हॅण्डल आहे.’’

आम्हांला प्रथम ही थट्टा वाटली. ज्या हॅण्डलाची आमच्या पिढीला लाज वाटू लागली होती, ज्याच्या जागी बटण आले म्हणजे घराची प्रतिष्ठा वाढली असे आपण मानीत आलो, तेच हॅण्डल अमेरिकेत नव्या गाडीचे आकर्षण व्हावे, हे सहजी पटण्याजोगे नव्हते. परंतु चिरंजीवांनी माहिती दिली, आम्हीही नंतर सवडीने ती पडताळून पाहिली, आणि त्यातून जे विचार सुचले ते या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या गाडीचे नाव ‘स्लेट’, म्हणजे पाटी. एप्रिल २०२५ मध्ये मिशिगनमधील याच नावाच्या एका नव्या कंपनीने ती लोकांसमोर मांडली. दोन माणसांची जागा, मागे सुमारे पाच फुटांचा हौदा, आणि विजेवर चालणारे एकच यंत्र, असा हा छोटा पिकअप ट्रक. मूळ बॅटरी ५२.७ किलोवॅट-तासांची, एकदा भारित केली की सुमारे २४० किलोमीटर जाता येईल, असे कंपनीने सांगितले. अधिक पल्ला हवा असेल त्याने मोठ्या बॅटरीचे पैसे अधिक द्यावेत. काचा हाताने फिरवायच्या. आत रेडिओ नाही, ध्वनिवर्धक नाहीत, मध्यभागी चमकणारा मोठा पडदा नाही. वातानुकूलनासाठी साधी फिरवायची बटणे. बाहेरचे अंग पत्र्याचे नसून साच्यातून काढलेल्या प्लास्टिकचे, आणि त्याचा करडा रंग त्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला. त्यामुळे कारखान्यात पत्रा दाबण्याची अजस्र यंत्रे नकोत आणि रंगकामाचा विभागही नको. ज्याला रंग हवा असेल त्याने चिकटपट्टीसारखे रंगीत आवरण आणून स्वतः लावावे. ज्याचे कुटुंब वाढेल त्याने जोडसामान घेऊन त्याच ट्रकची पाच आसनांची बंदिस्त गाडी करावी. ही कामे मालकाला घरच्या अंगणात करता यावीत, यासाठी शिकवण्याची सोयही कंपनी करणार, असे जाहीर झाले. कोरी पाटी द्यावी आणि तिच्यावर काय लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, अशी ही कल्पना. पहिल्या काही आठवड्यांतच एक लाखाहून अधिक लोकांनी परत मिळण्याजोगी पन्नास डॉलरची रक्कम भरून नावे नोंदविली.

येथे इतिहासाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पेट्रोलच्या गाड्यांबरोबरच विजेच्या गाड्याही बऱ्याच खपत होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढून लोखंडी हॅण्डल घालून जोर लावावा लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला हॅण्डल नसे, म्हणून ती विशेषतः स्त्रियांना सोयीची आहे अशी तिची जाहिरात होई. हेन्री फोर्ड यांची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट कंपनीची विजेची गाडी वापरीत असे. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसविला गेला, पेट्रोलच्या गाडीचेही हॅण्डल सुटले, आणि विजेच्या गाडीचा तो एक मोठा गुण संपुष्टात आला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हॅण्डल नाही म्हणून जी गाडी लोक घेत, तिचीच पणती आज हॅण्डल आहे म्हणून लोकांना आवडते! माणसाला नेमके काय हवे असते, असा प्रश्न या ठिकाणी कोणालाही पडावा.

स्वस्ताई हे एक उत्तर आहेच. २०२५ मध्ये अमेरिकेतील नव्या गाडीची सरासरी किंमत पन्नास हजार डॉलरांच्या घरात पोहोचली होती. सरकारी करसवलत धरून हा ट्रक वीस हजारांच्या आत देऊ, असे कंपनी प्रथम म्हणत होती. पुढे ३० सप्टेंबर २०२५ नंतर साडेसात हजार डॉलरांची ती सवलतच बंद झाली, आणि किमतीचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास गेला. तरीही ही किंमत सरासरीच्या निम्मी. परंतु केवळ पैशाने सारा उलगडा होत नाही. आमच्या चिरंजीवांना महाग गाडी परवडत नाही असे नाही. त्यांच्याकडे ती आहे, आणि तिच्याच अनुभवाने ते या वाटेला लागले आहेत.

त्यांनी सांगितलेला प्रसंग असा. बर्फ पडत असताना ते एका संध्याकाळी घरी परतत होते. एकाएकी गाडीतला मोठा पडदा काळा पडला. पुढच्या काचेवरचे दव काढणारी गरम हवा त्या पडद्यावरूनच चालू करायची होती. ती आता कशी चालू करावी? गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ते हातरुमालाने काच पुसत बसले, मागे नातू झोपलेला. दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले की, बिघाड यंत्रात नाही, आज्ञावलीत आहे, आणि ती पाहण्याचा अधिकार कंपनीच्या संगणकालाच आहे. चिरंजीव स्वतः अभियंता आहेत. ते म्हणाले, ‘‘बाबा, गाडी माझी, कर्ज माझं, पोरगं माझं, आणि तिच्या आत काय चाललंय हे विचारायची मुभा मात्र मला नाही.’’

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. सोय वाढली की स्वाधीनता आपोआप वाढते, असे आपण धरून चालतो. या प्रसंगात सोय वाढली होती आणि स्वाधीनता घटली होती. हा काही एका गाडीपुरता अपघात नव्हे. २०२२ मध्ये एका जर्मन कंपनीने काही देशांत आसन गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली होती. तारा, यंत्रणा सारे गाडीत आधीच बसविलेले. कुलूप तेवढे दूर बसलेल्या कंपनीच्या हाती. लोक संतापले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ती योजना मागे घेतली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी तर २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये, गाडीच्या दुरुस्तीसाठी लागणारी माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या मेकॅनिकला मिळालीच पाहिजे, अशा कायद्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. स्वतःच्या वस्तूचे झाकण उघडण्याचा हक्क मतपेटीतून मिळवावा लागावा, ही या काळाची स्थिती आहे.

पडद्याच्या मोहाची किंमत केवळ गैरसोयीतच मोजली जाते असेही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा नाविक प्राणांस मुकले. सुकाणू आणि वेग यांचा ताबा पडद्यावरून एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे देताना नाविकांचा गोंधळ उडाला, हे चौकशीत पुढे आले. प्रशिक्षणाची उणीव आणि थकवा ही कारणेही होतीच. परंतु २०१९ मध्ये त्या नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसविण्याचे ठरविले. युरोपात मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेनेही २०२६ पासून दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर अशा काही गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटणे वा दांडे असल्यास गुण, अशी अट घातली. कारण उघड आहे. बोटांना जागा माहीत असली की डोळे रस्त्यावर राहतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘‘आता हे निवृत्त गृहस्थ नेहमीप्रमाणे ‘गेले ते दिवस’ आळवू लागणार.’’ तो मोह आम्हांला झाला नाही असे नाही. आमच्याकडे त्यासाठी एक कथाही तयार आहे, आणि ती आम्ही आजवर अनेक बैठकांतून सांगितलेली आहे.

नोव्हेंबर १९८९. लोकसभेच्या निवडणुकीत आमची नेमणूक तेव्हाच्या झाबुआ जिल्ह्यात होती. मतदान आटोपून मतपेट्या घेऊन आम्ही रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी निघालो. आलीराजपूर मागे पडल्यावर एका चढावर सरकारी जीप आचके देऊन बंद पडली. मिट्ट काळोख, सोबत दोन शिपाई आणि लोखंडी मतपेट्या. सकाळपर्यंत पेट्या पोहोचल्या नसत्या तर काय काय लिहून द्यावे लागले असते, ते सरकारी नोकरी केलेले वाचक जाणतात. आमच्या चालकाला आम्ही ‘उस्ताद’ म्हणत असू. त्यांनी बॉनेट उघडले, कान देऊन काही ऐकले आणि म्हणाले, ‘‘साहब, हवा ले गई है.’’ डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. आम्ही बॅटरी धरली. त्यांनी पान्याने एक लहानसा स्क्रू ढिला केला आणि आम्हांला हातपंप दाबायला सांगितले. प्रथम फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. स्क्रू आवळला, जीप सुरू झाली. पहाट होण्यापूर्वी पेट्या सुखरूप पोहोचल्या.

ही कथा सांगताना आम्ही नेहमी शेवटी म्हणत असू की, आजच्या गाड्यांत हे होणे नाही. ऐकणारे मान डोलावीत. परंतु चिरंजीवांशी झालेल्या या संभाषणानंतर आम्ही ती कथा स्वतःशीच पुन्हा सांगून पाहिली, तेव्हा तिच्यातील एक गोष्ट प्रथमच बोचली. त्या रात्रीखेरीज आमच्या साऱ्या नोकरीत आम्ही त्या जीपच्या कशालाही हात लावला नव्हता. थंडीच्या सकाळी बॉनेटवर कान ठेवणारे, पंक्चर झालेले चाक काढणारे, घाटात ते जड स्टिअरिंग दोन्ही खांद्यांनी ओढणारे उस्ताद होते. आम्ही शेजारी बसून फाइली चाळीत होतो. हाताच्या कामाचे कौतुक आमचे, हात दुसऱ्याचा.

सेवानिवृत्त होण्याच्या सुमारास उस्तादांना पॉवर स्टिअरिंगची नवी गाडी चालवायला मिळाली. कशी वाटते, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘‘साहब, ये पहले आती तो कंधा बच जाता.’’ आणि जरा थांबून म्हणाले, ‘‘पर इसको खोलने नहीं देते.’’ वॉरंटी जाईल म्हणून बॉनेटला हात न लावण्याची ताकीद त्यांना मिळाली होती. तेव्हा आम्ही ते बोलणे हसण्यावारी नेले. आज वाटते की, या प्रश्नावर वाचलेल्या कोणत्याही ग्रंथापेक्षा त्यांच्या दोन वाक्यांत अधिक विवेक होता. खांदा वाचावा, हे त्यांना हवे होते. झाकण उघडता यावे, हेही हवे होते. पहिल्यासाठी दुसऱ्याचा त्याग का करावा लागतो, हा त्यांचा प्रश्न होता.

जी गोष्ट गाडीची तीच घराची. आमच्या आजीच्या माजघरातले जाते आज आमच्या बागेत शोभेसाठी मांडलेले आहे, आणि पाहुणे त्याचे छायाचित्र घेतात. पहाटे उठून त्यावर दळणाऱ्या आजीला गल्लीत विजेची चक्की आल्यावर कोणता शोक झाला, असे आम्हांला आठवत नाही. उलट तिने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती. हाताच्या श्रमांत सौंदर्य दिसायला ते श्रम टाळता येण्याची मुभा आधी असावी लागते. नातवाला काच फिरविण्यात मौज वाटली, कारण ती त्याला फिरवावी लागत नाही. हे ध्यानात न घेता कोणी ‘हाताकडे परत चला’ असा उपदेश करू लागला, तर त्याने आधी तो हात कोणाचा हे सांगावे.

यंत्रांविषयीचा हा विवेक आपल्याकडे नवा नाही. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते निघाले, असे त्यांचे म्हणणे. मग असली यंत्रे बनवायला कारखाना लागेलच, असे त्या विद्यार्थ्याने विचारल्यावर त्यांनी तेही मान्य केले. त्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न मात्र सोडला नाही. पुढे इव्हान इलिच या विचारवंताने १९७३ च्या आपल्या पुस्तकात साधनांची अशीच पारख केली: जे साधन माणसाला स्वतःच्या हेतूसाठी, स्वतःच्या बुद्धीने वापरता येते ते वेगळे, आणि जे माणसालाच आपल्या सोयीने वाकविते ते वेगळे. हेच इलिच १९७८ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले होते आणि बापूंच्या कुटीत बसून त्यांनी तिच्या साधेपणावर चिंतन केले होते. त्या कुटीचा साधेपणा कोणी विकत घेतला नव्हता.

आणि येथेच या कोऱ्या पाटीच्या मोटारीविषयी आमची एक शंका उभी राहते. तिचा साधेपणा विकाऊ आहे. ती बनविणाऱ्या कंपनीत जगातील अतिश्रीमंतांपैकी एक असलेल्या जेफ बेझोस यांचा पैसा आहे, असे २०२५ मध्ये वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. गाडीबरोबर शंभराहून अधिक प्रकारचे जोडसामान विकण्याची योजना आहे. मूळ वस्तू साधी देऊन पुढे एकेक भाग विकत राहणे हा व्यापाराचाच एक प्रकार आहे, आणि ‘मी साधा राहतो’ हे दाखविण्यासाठी सामान जमविणारी माणसे कोणी पाहिली नाहीत? याउलट, आमच्या इंदूरच्या रस्त्यांवरची ई-रिक्षा पाहा. विजेची, साधी, पडदा नसलेली, मालकाच्या आवडीने रंगविलेली, झालरी लावलेली, आणि चौकातल्या मेकॅनिकच्या हाताने दुरुस्त होणारी. मिशिगनमध्ये जे स्वप्न म्हणून विकले जाते, त्याच्या जवळपासचे काही येथे गरज म्हणून चालले आहे, आणि तिच्याकडे पाहून आपण वाहतुकीच्या कोंडीबद्दल कुरकुरतो. तिच्यात सुरक्षितता अपुरी असते, हेही तितकेच खरे. त्या बाबतीत अमेरिकन ट्रकवाल्यांचे धोरण आम्हांला योग्य वाटले. त्यांनी रेडिओ काढला, पण हवेच्या पिशव्या काढल्या नाहीत. मोठा पडदा काढला, तरी मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा ठेवला; २०१८ पासून तो तेथे कायद्यानेच सक्तीचा आहे. संकटकाळी आपोआप लागणारा ब्रेकही ठेवला. काय कमी करावे आणि काय करू नये, याचे तारतम्य त्यात दिसते.

मग शंका असूनही आम्ही चिरंजीवांना काय सांगितले? ‘‘नाव नोंदवलंस ते बरं केलंस, पण हॅण्डलासाठी घेऊ नकोस,’’ असे सांगितले. हॅण्डल हे केवळ चिन्ह आहे. काच बटणाने खाली गेली म्हणून कोणाचे स्वत्व बुडत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या आमच्या थोरल्या भगिनींना ते बटण वरदानच आहे. पाहायचे ते एवढेच की, वस्तू बिघडली तर ती उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा, दुसऱ्या कोणाकडून नीट करून घेण्याचा आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचा अधिकार ती विकत घेताना आपल्याकडे येतो की विकणाऱ्याकडेच राहतो. तो अधिकार आला, तर त्याच्याबरोबर एक कर्तव्यही येते, आणि त्याची आठवण आपण सोयीने टाळतो. समजून घेण्याचा हक्क मागणाऱ्याने समजून घेण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. उस्ताद शेजारी असताना आम्हांला तो हक्क पूर्ण होता; वर्षानुवर्षे आम्ही तो वापरला नाही. पडदा काळा पडल्यावर आलेली चिरंजीवांची अगतिकता कंपनीने लादलेली होती. आमची अगतिकता आम्ही स्वतः, आरामात, निवडलेली होती. नैतिक दृष्ट्या यांतली कोणती अधिक दोषास्पद, याचे उत्तर आम्हांला सुखाचे वाटत नाही.

उस्ताद आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाचे देवासच्या रस्त्यावर लहानसे गॅरेज आहे. परत जाण्यापूर्वी आमच्या मारुतीची डाव्या बाजूची काच अर्ध्यावर अडकू लागली. नातवाच्या उत्साहाचा तो परिणाम असावा. आम्ही गाडी तेथे नेली. या वेळी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचण्याऐवजी, दाराचे आतले अस्तर काढताना आम्ही आणि नातू शेजारी उभे राहिलो. आत एक दातेरी चक्र, दोन पट्ट्या आणि सुकलेले ग्रीस, एवढेच होते. नातवाने ग्रीस लावले. मग हॅण्डल फिरवून काच वर जाताना चक्राचे दाते कसे एकमेकांत बसतात ते त्याने उघड्या दारातून पाहिले, आणि आम्हांलाही बोलावून दाखविले. छत्तीस वर्षांत आम्ही दुसऱ्यांदा पाना हातात घेतला. स्क्रू आवळण्याचे काम आमच्याकडे आले होते.